कवितेतली अडाणी पोर

ती कविता माझ्यावर लिहिलेली आहे आणि तिच्यात मी अडाणी आहे. कवितेतली मुलगी गाई राखते. तिच्या कपाळावर कुंकवाची टिकली आहे. ती ओढ्यात पाय सोडून बसते, परक्या माणसाला पानावर करवंदं देते आणि आपण सुंदर आहोत हे तिला ठाऊकच नसतं. ते पहिल्यांदा कळतं कवीला. तिला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून ती निर्मळ आहे, असं कवी म्हणतो. कवितेच्या खाली लिहिलं आहे: मळवली.

मळवलीत घाऱ्या डोळ्यांची आणि हनुवटीवर भाजल्याचा डाग असलेली मुलगी एकच होती. डोळे कवितेत आहेत. डागही आहे.

त्या वेळी मी सोळा-सतरा वर्षांची होते. स्टेशनासमोर अब्बांचं दुकान होतं. चहापत्ती, साखर, मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, विड्या, झालंच तर बंगल्यांवर हवा खायला येणाऱ्यांसाठी बिस्किटं. आम्ही मुसलमान, गावात चारच घरं आमची. बोलणं मात्र सगळ्यांचं मावळातलंच. आमच्याकडे गाय नव्हती, दोन शेळ्या होत्या, त्याही अम्मा बघायची. मराठी सातवीची परीक्षा मी पास झाले होते. पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी गल्ल्यावर बसायची आणि पुड्या बांधायची. पुड्यांसाठी लोणावळ्याहून रद्दी यायची. ती मी आधी वाचायची, मग फाडायची.

तो कवी दिवाळीनंतर आला. वयानं मोठा होता, शिकलेला होता, त्याला 'ते' म्हणायला हवं. मी म्हणणार नाही. पुण्याचा होता. छातीला हवा मानवत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी नदीपलीकडच्या एका बंगल्यात राहायला पाठवला होता. पहिल्या दिवशी काड्यापेटी मागायला आला तेव्हा मी एका जुन्या मासिकाचं पान वाचत होते. कविता होती, पण पान उभं फाटलेलं, ओळींचे शेवट गेलेले. मी ते मनानं भरत बसले होते.

"काय वाचतेस?" त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. शेवटाला माझे शब्द घातले. तो काउंटरला टेकून ऐकत राहिला. मग हसला आणि अब्बांना म्हणाला, "अहो, तुमच्या मुलीला यमक कळतं!"

अब्बांना यमक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण साहेब खूश आहे एवढं कळलं. ते म्हणाले, "सातवी पास हाय ती. गावात पोरीत एकलीच."

हे मुद्दाम सांगते आहे. त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

त्यानंतर तो जवळजवळ रोज यायचा. अब्बा समोर असायचे, गिऱ्हाईक येत-जात असायचं. त्यानं मला कवितांचं, कापडी बांधणीचं एक बारीक पुस्तक वाचायला दिलं. काउंटरवर बोटं वाजवून मात्रा कशा मोजायच्या ते शिकवलं. विलायतेतल्या कवींच्या गोष्टी सांगितल्या: ते डोंगरदऱ्यांतून एकटे भटकायचे, सरोवरांच्या काठी राहायचे, आणि त्यांतले बरेच तरुणपणीच गेले. शेवटची गोष्ट तो जरा अभिमानानं सांगायचा आणि खोकायचा. त्या कवितांचा तो तिथल्या तिथं मराठीत अर्थ करायचा. मी पुडी अर्धी बांधलेली तशीच धरून ऐकायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं, "आगं, मीठ देतीस का न्हाई?"

खोटं कशाला बोलू, मला वेड लागलं होतं. विसापूर आणि लोहगड जन्मापासून समोर होते. विसापूर म्हणजे लाकूडफाटा, करवंदं आणि पायात मोडणारे काटे. आता संध्याकाळी त्याच्यावर ऊन उतरू लागलं की मी हातातलं काम टाकून बघत राहायची. भाताची कापणी झालेली खाचरं, त्यांतलं साचलेलं पाणी, इंद्रायणीवरचं धुकं, सगळ्याला एकदम आवाज फुटला होता. पाणी आणायला जाताना मी मात्रा मोजत चालायची. अम्मा म्हणायची, "बोटं का हलवती गं? जपमाळ वडती व्हय?"

मग मी स्वतः एक कविता लिहिली. आमच्या दुकानावरची. सकाळी फळ्या काढल्यावर आत रॉकेलचा, गुळाचा आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास येतो, त्यावर. त्याला दाखवली. त्यानं ती लक्ष देऊन वाचली, एक-दोन मात्रा सुधारल्या आणि मग म्हणाला, "छान आहे. पण रॉकेल कवितेत येत नाही गं."

"का येत नाही?"

"कविता ही वेगळी वस्तू आहे. तुझ्यासमोर एवढे डोंगर आहेत. त्यांच्यावर लिही."

मी रॉकेल काढलं, गूळ काढला, गोणपाट काढलं. मग त्यात काहीच उरलं नाही. मला वाटलं, चूक माझीच.

होळीच्या सुमारास तो बरा होऊन पुण्याला गेला. पुस्तक परत मागितलं नाही, ते माझ्याकडेच राहिलं. त्याच सुमारास कामशेतहून मला मागणी आली. मुलगा भाताच्या गिरणीत होता. मी त्याला एकदाच लांबून पाहिलं होतं, उंच आणि जरा वाकून चालणारा. मला त्याच्याबद्दल बरंवाईट काही वाटत नव्हतं. अम्माला मात्र फार वाटत होतं. तिनं माझ्यासाठी शिवायला कापड काढून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ते दाखवत होती.

कविता मासिकात छापून आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. आम्हाला कळलं ते शेजारच्या पाटलांच्या सुनेकडून. तिचा भाऊ पुण्याला शिकत होता, त्यानं मासिक आणलं होतं. ती ते घेऊन हसत हसत दुकानात आली.

"आगं बाय, तुझ्यावर गानं आलंय की! आन् तुला टिकली लावलीया त्यांनी. आता काय, आमच्यातच आली म्हन की तू!"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं मासिक ठेवलं आणि गेली.

अब्बा म्हणाले, "वाच."

मी म्हणाले, "मागनं वाचते."

"आत्ताच वाच. माज्या दुकानात तुज्यावर आलेलं मला ठाव नको?"

मी उभी राहून वाचू लागले. अब्बा पोत्यावर बसले होते, अम्मा आतल्या दारात. पहिल्या चार ओळी वाचल्या तेव्हा माझा आवाज बरा होता. कविता सुरेख होती. शब्द असे एकामागून एक येत होते की थांबावंसं वाटत नव्हतं. मग ओढा आला. ओलं लुगडं आलं. मग करवंदं देताना हाताला लागलेला हात आला. असं कधी घडलं नव्हतं. मी त्याला कधी करवंदं दिली नाहीत; तो आला तेव्हा करवंदांचे दिवसही नव्हते. मी त्याला काड्यापेटी, बिस्किटं आणि खोकल्यासाठी खडीसाखर दिली, तीही अब्बांच्या देखत. लुगडं ऐकून अम्मानं पदर तोंडावर घेतला. मी वाचत राहिले, कारण थांबले असते तर अब्बांना वाटलं असतं की पुढे याहून काही जास्त आहे. शेवटी ते अक्षर न ओळखणारे निर्मळ डोळे आले आणि कविता संपली.

अब्बा पोत्यावरून उठले. मग म्हणाले, "हे समदं झालं व्हतं?"

"न्हाई, अब्बा."

"मंग ल्हिवलं कशाला?"

मी मासिक मिटून काउंटरवर ठेवलं.

"आन् वाचाया येत न्हाई म्हनं? त्येनंच तुला पुस्तक दिल्यालं ना?"

"व्हय."

अम्मा आतून म्हणाली, "वाचाया येतंय, म्हनूनच हे झालं." आणि रडू लागली.

कामशेतच्या त्या मुलाचा मामा लोणावळ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. ते मासिक तिथं यायचं. त्यानं कामशेतला जाऊन ती कविता सगळ्यांना अर्थासकट सांगितली. त्यांच्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मुलाचा इचार बदललाय." मासिकाचं नाव काढलं नाही. अम्मानं काढून ठेवलेलं कापड पेटीत तळाशी घातलं. दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्यावर बसायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी सकाळी बाहेर आले तर माझ्या जागी अब्बा बसले होते. रद्दीसुद्धा आत येईनाशी झाली.

मी घरात बसले. भाकरी थापताना, शेळ्यांना पाला घालताना ती कविता आपोआप ओठांवर यायची. एकदा वाचून पाठ झाली होती, इतकी ती चांगली बांधलेली होती. याचा राग सगळ्यात जास्त. वाईट कविता असती तर मी थुंकून मोकळी झाले असते.

मे महिन्यात लोणावळ्याला मुंबईपुण्याची माणसं हवेसाठी येतात. त्या वर्षी तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये काव्यगायनाची बैठक होती. तिचा कागद आमच्या स्टेशनात चिकटवलेला होता आणि त्यावर त्याचं नाव होतं. अब्बा माल आणायला लोणावळ्याला जायचेच. मी म्हणाले, "मला बी यायचंय."

"कशाला?"

"त्याला इचारायचंय."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही विचारायचं असावं. त्यांनी ठेवणीतला कोट घातला, टोपी घातली आणि आम्ही दुपारच्या गाडीनं निघालो. मळवली सुटली की पुढचं स्टेशन लोणावळाच. बोलायला वेळ मिळाला नाही.

हॉल भरलेला होता. आम्ही मागे भिंतीला धरून उभे राहिलो. तो चांगला दिसत होता, अंगानं भरला होता. त्यानं आधी दुसऱ्या दोन कविता म्हटल्या, मग माझी. चाल लावून म्हटली. बायका पंखे हलवायच्या थांबल्या. डोंगरांवर जीव लावायला मला याच आवाजानं शिकवलं होतं, आणि तिथंही माझे ओठ त्याच्याबरोबर हलू लागले. मी स्वतःला चिमटा काढला. खरोखरीचा, दंड हिरवा झाला होता.

कार्यक्रम संपत आला, माणसं उठू लागली, तेव्हा मी मधून चालत पुढे गेले. अब्बा मागोमाग.

"ओळखलंत?" मी म्हणाले.

"अरे! तू!" त्याला मनापासून आनंद झाला होता. हे मी त्याच्या बाजूनं सांगते, त्याला लाज वगैरे काही वाटली नाही. तो अध्यक्षांकडे वळला. "अध्यक्षमहाराज, ही पाहा! मघाच्या कवितेतली ती मुलगी, साक्षात!"

उठलेली माणसं पुन्हा बसली. मुंबईची एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगंबाई, डोळे खरंच तसे आहेत की!" माझ्या कपाळाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल आणि टिकली दिसली असेल.

मी म्हणाले, "मला वाचता येतं."

तो हसत होता.

"तुम्ही लिहिलंत की येत नाही. मी सातवी पास आहे. पुस्तक तुम्हीच दिलंत मला."

हॉलमध्ये हशा झाला. वाईट हशा नव्हता, लाडका होता. लहान मूल सभेत बोबडं बोललं की माणसं हसतात तसा.

"अगं," तो समजुतीनं म्हणाला, "ती तू नव्हेस. तू फक्त निमित्त. कवीच्या मनात जी असते..."

"मग खाली मळवली का लिहिलंत?"

तो लोकांकडे पाहून म्हणाला, "कवितेतलं सत्य निराळं असतं."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकले. "वा! वनबालेनं कवीला जाब विचारला! कविराज, आता या प्रसंगावर एक कविता झालीच पाहिजे." पुन्हा टाळ्या. मी भांडायला गेले होते आणि माझ्या भांडणाला ते वाहवा देत होते. मी आणखी काही बोलले असते तर त्यालाही टाळी मिळाली असती. त्या हॉलमध्ये मी काहीही केलं असतं तरी गोडच दिसले असते.

तेव्हा अब्बा बोलले. त्यांचा आवाज दुकानातला होता, मोठा नाही.

"साहेब, हिचं लगीन मोडलं."

टाळ्या थांबल्या. त्याचा चेहरा उतरला. "मला कल्पना नव्हती," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण बाबा, एका कवितेवरून लग्न मोडणाऱ्या माणसांच्या घरात अशी मुलगी देऊच नये. झालं ते बरंच झालं म्हणा."

पुढच्या रांगेतल्या एक-दोघांनी माना डोलावल्या.

"द्यायची का न्हाई ते आमी बघितलं असतं, साहेब," अब्बा म्हणाले. आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आले.

बाहेर आल्यावर ते माझ्याच अंगावर ओरडले. "येवढ्या मानसांत तू कशाला त्वांड उघाडलंस? आता पुन्या-म्हमईपतुर जाईल!" मी म्हणाले, तुम्हीच तर आणलंत. तेव्हा त्यांनी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. आम्ही गाडीत एकमेकांच्या समोर बसलो आणि दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो. मला त्याचा राग होता, अध्यक्षांचा होता, पंखेवाल्या बायकांचा होता, आणि अब्बांचाही होता, कारण सगळ्यांनी मिळून ज्या मुलीचं लग्न मोडलं होतं तिला, 'तुला काय वाटतं' असं विचारणारं त्या दिवशी कुणीही नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला उत्तर म्हणून कविता लिहायला घेतली. त्याच्याच वृत्तात. त्याची टर उडवायची होती. लिहून झाल्यावर वाचली तर तिच्यात ओढा होता, चांदणं होतं, वनबाला होती, फक्त ती रागावलेली होती. माझा रागसुद्धा त्याच्या शब्दांत येत होता! मी तो कागद चुलीत घातला. त्याचं पुस्तकही घालणार होते, हातात धरलंही होतं, पण घातलं नाही. त्यातल्या कविता दुसऱ्या लोकांच्या होत्या.

मग कित्येक दिवस मी काहीच लिहिलं नाही. आतल्या खोलीत गोण्यांमध्ये बसले की बाहेर दुकानातलं बोलणं ऐकू यायचं. बेडशाची एक बाई यायची, तिचा नवरा रेल्वेच्या कामावर असताना गेला होता. ती मीठ घ्यायची आणि गेलेल्या नवऱ्याशी भांडायची, तो समोर असल्यासारखी. "तुमाला काय हो, तुमी सुटला." अब्बा ऐकून घ्यायचे आणि पुडी द्यायचे. एक दिवस मी ते भांडण जसंच्या तसं लिहिलं. ती काय म्हणाली, कुठं थांबली, पुडी कमरेला कशी खोचली. मात्रा मोजल्या नाहीत. वाचून पाहिलं तर ती बाई कागदावर उभी होती आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती, तिला माझी गरजच नव्हती. मला ते फार बरं वाटलं. मी परत लिहिलं. एक वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं, ते काढलं. पुन्हा लिहिलं.

मला दुसरं स्थळ आलं नाही. माझ्या शाळेच्या मास्तरांनी अब्बांना दोन-तीनदा सांगितलं आणि शेवटी अब्बांनी मला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. अम्मा स्टेशनावर आली नाही. पुढे मी टाकवे बुद्रुकच्या शाळेत मास्तरीण झाले. लग्नही केलं, उशिरा, माझ्या मनानं. ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही. एका माणसानं माझं सांगून ठेवलं तेवढं पुष्कळ झालं.

दुकानातल्या माणसांवर लिहिलेलं साठत गेलं. टाकव्याला असतानाच, लढाईमुळे कागद मिळत नव्हता त्या दिवसांत, पुण्याच्या एका लहान प्रकाशकानं त्याचं पुस्तक काढलं. फारसं खपलं नाही. पण एका मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला. लेख त्यानं लिहिला होता. तो आता मोठा झाला होता, शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्याच्या कविता होत्या.

लेख भरभरून लिहिलेला होता. एकही वाईट शब्द नव्हता. त्यानं म्हटलं होतं की हे लिखाण डोंगरातल्या झऱ्यासारखं आपोआप आलेलं आहे, यात कसली कारागिरी नाही, कसला अभ्यास नाही, लेखिकेला आपण काय लिहून गेलो हे स्वतःलाही ठाऊक नसावं, आणि हेच त्याचं सौंदर्य. बेडशाच्या बाईवरचं ते पान त्यानं मुद्दाम उल्लेखलं होतं. ते मी किती वेळा फाडून लिहिलं ते मला माहीत आहे आणि माझ्या नवऱ्याला माहीत आहे, कारण कंदिलाचा धूर त्यानं सोसला.

मुख्याध्यापकांनी लेख वाचला आणि शिपायाकडून मला बोलावून घेतलं. "बाई, अभिनंदन! एवढा मोठा माणूस तुमच्यावर लिहितो म्हणजे काय!"

मी म्हणाले, "आभारी आहे."

"त्यांची तुमची ओळख आहे का हो?"

"नाही," मी म्हणाले आणि वर्गावर गेले. त्या दिवशी शुद्धलेखन होतं. मी फळ्यावर इतक्या जोरात लिहिलं की खडू दोनदा मोडला, आणि पहिल्या बाकावरच्या मुली बसल्या जागी मागे सरकल्या.